पायरीपर्यंत पाणी

मोहाखारीच्या तलावाबद्दलचा पहिला फलक सप्टेंबरच्या सात तारखेला लागला आणि आठ तारखेच्या सकाळी तो जागेवर नव्हता. दुसरा अकराला लागला. तो दोन दिवस टिकला, कारण ते दोन्ही दिवस पाऊस होता आणि कोणी घराबाहेर पडले नाही. तेराला तो एका गोठ्याच्या छपरावर, छापलेली बाजू खाली करून अंथरलेला सापडला.

दोन्ही फलक धुरपताबाई लंजे यांनी लावले होते. वय अठ्ठावन्न. दीड एकर धानाची शेती, तीही पाटाच्या शेवटच्या टोकाला. फलकावर दोन ओळी होत्या: ‘तलावाची मोजणी करा. सलंग पूर्वीइतकी उंच करा.’

सलंग म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी ज्या दगडी उतारावरून नाल्यात जाते ती जागा. मोहाखारीच्या तलावाची सलंग तीन वर्षांपूर्वी दीड हात खाली उतरवली गेली. दगड काढून बाजूला रचले होते, ते अजूनही तिथेच आहेत. दगड कोणी काढले हे गावात सर्वांना माहीत होते, पण कोणत्याही कागदावर नव्हते. सलंग खाली गेल्यामुळे ऑगस्टमध्ये तलाव पूर्ण भरत नव्हता. ऑक्टोबरमध्ये धान निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला लागला की पाटाच्या सुरुवातीच्या शेतांना पाणी मिळायचे आणि शेवटच्या अकरा शेतांना मिळायचे नाही. धुरपताबाईंचे शेत त्या अकरांतले शेवटचे. मागच्या दोन हंगामांत त्यांच्या लोंब्यांत दाणा कमी आणि पोचट जास्त निघाला होता. तिसरा हंगाम शेतात उभा होता.

तलाव पूर्ण भरू न देण्याचे कारण तलावाच्या वरच्या अंगाला होते. तिथे वासुदेवराव कापगते यांचे शेत आहे. वासुदेवराव तीस वर्षे जवाहरनगरच्या कारखान्यात नोकरीला होते. निवृत्त होऊन गावी आले, पाच वर्षे सरपंच राहिले. त्यांच्या वडिलांचे शेत तलावाच्या काठावर संपत होते. वासुदेवरावांचे शेत काठावर संपत नव्हते. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी मागे हटले की बांध पुढे सरकायचा. मातामाय या गावदेवीचा ओटा पूर्वी पाण्याच्या कडेला होता, तो आता त्यांच्या धानाच्या मधोमध आला होता. तलाव पूर्वीसारखा भरला असता तर तो धान बुडाला असता.

धुरपताबाईंनी ग्रामसभेत तीनदा मोजणीचा ठराव मांडला. तिन्ही वेळा ग्रामसेवकाने विचारले, अनुमोदक कोण. तिन्ही वेळा कोणी उठले नाही. गावात धान कापणीचे यंत्र एकच आहे आणि ते वासुदेवरावांचे आहे. कापणीच्या दिवसांत कोणाचा नंबर आधी लावायचा हे तेच ठरवतात. ठराव अडवायला त्यांना कोणाला धमकवावे लागले नव्हते.

तिसऱ्या फलकासाठी धुरपताबाई एसटीने लाखांदूरला आल्या. बसस्थानकासमोरच्या रांगेत भूपेंद्र हातझाडे याचे दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, गाडीच्या नंबरप्लेट. आधीचे दोन्ही फलक त्यानेच छापले होते. भूपेंद्र मूळचा मोहाखारीचा. त्याचे वडील धनीराम पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. राजवाडा, रस्ता, जंगल, गरिबाची झोपडी. आसपासच्या चाळीसेक गावांत दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटक उभे राहायचे ते धनीरामच्या पडद्यांपुढे. भूपेंद्र त्यांच्या हाताखाली शिकला. पुढे छापील पडदे आले, मग एलईडी. शेवटचा पडदा रंगवून त्याला नऊ वर्षे झाली होती.

त्याने धुरपताबाईंना सरळ सांगितले की तिसराही फाडतील.

“मंग भिताडावर लिहून दे,” त्या म्हणाल्या.

कोणाच्या भिंतीवर, असे त्याने विचारले. त्यांची स्वतःची भिंत शेताकडे तोंड करून होती. तिकडून बैल सोडून कोणी जात नव्हते. रस्त्यावरच्या भिंती ज्यांच्या होत्या त्यांना कापणीचे यंत्र लागत होते. तरी धुरपताबाईंनी फलक छापून घेतलाच. या वेळी लावायची घाई करणार नाही म्हणाल्या, आणि गुंडाळी काखेत धरून चारच्या बसने परत गेल्या.

पंधरा दिवसांनी वासुदेवराव दुकानात आले. त्यांना पडदा हवा होता.

मोहाखारीचे नाट्य मंडळ जुने आहे. मंडईच्या नाटकाची सुरुवात तिथे गावच्या पडद्याने होते. नाटक कोणतेही असो, नांदी होते ती या पडद्यासमोर. त्यावर गावचा तलाव असतो. पाणी अडवणारी मातीची पाळ, पाळीवरची चिंचेची झाडे, कडेला मातामायचा ओटा. सध्याचा पडदा धनीराम पेंटरने १९८५ मध्ये रंगवलेला. समाजमंदिराच्या माळ्यावर तो गुंडाळून ठेवलेला असे. त्या पावसाळ्यात उंदरांनी खालची अर्धी बाजू खाल्ली. आभाळ आणि चिंचांचे शेंडे शाबूत राहिले, पाणी गेले.

नवा पडदा वासुदेवराव मंडळाला भेट देणार होते. छापील नको, हाताने रंगवलेलाच हवा, असा मंडळाचे अध्यक्ष खुशाल परशुरामकर यांचा आग्रह होता. खालच्या कोपऱ्यात दात्याचे नाव येणार होते. भूपेंद्रने काम घेतले. नकार द्यायचा विचार त्याच्या मनात आला होता की नाही हे त्याने पुढेही कोणाला सांगितले नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात समाजमंदिराच्या फरशीवर वीस फूट रुंद आणि चौदा फूट उंच मांजरपाट अंथरला गेला. भूपेंद्र रोज सकाळी मोटारसायकलने यायचा. दोन दिवस खळ आणि खडूचा थर देऊन कापड ताणून वाळवण्यात गेले. तिसऱ्या दिवशी तो वही घेऊन पाळीवर बसला. वडिलांची पद्धत तीच होती. पडद्यावर जे काढायचे ते आधी जागेवर बसून बघायचे, पावलांनी मोजायचे आणि त्याच प्रमाणात उतरवायचे. पाळीवरच्या चिंचा सात होत्या, एक पडली होती, सहा काढल्या. पाणी सोडायच्या दगडी तोंडाजवळचा खांब तिरपा झाला होता, तो तिरपाच काढला. पाण्याच्या कडेपासून मातामायच्या खालच्या पायरीपर्यंत त्याने पावले मोजली. दोनशे बारा भरली.

वासुदेवराव रोज संध्याकाळी काम बघायला येत. चौथ्या दिवशी त्यांनी भूपेंद्रला स्वतः शेतात नेले. धान पिवळा व्हायला लागला होता आणि चांगला होता, त्यात खोटे काही नव्हते. हा धान पडद्यावर आला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. गावच्या पडद्यावर गावचे पीक दिसले पाहिजे. ओट्याच्या भोवती, बांधापर्यंत, असा पिवळाधम्मक.

भूपेंद्रने त्यांना एक गोष्ट तिथेच सांगितली. तलावाच्या भागात आधी दुसरा रंग भरत नाहीत. तेवढे कापड कोरे ठेवतात. पेवडीवर, म्हणजे पिवळ्या रंगावर, नीळ बसत नाही.

“धानावर पानी कायले येते गा?” वासुदेवराव हसून म्हणाले. “पानी खाली राहते, धान वर राहते. तू काढ बिनधास्त.”

त्याने पुन्हा सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सरस उकळून त्याने पेवडी कालवली आणि ओट्यापासून बांधापर्यंत धान भरला. बांधाच्या खालचा तलाव कोरा ठेवला.

तलाव कोरा ठेवण्याचे कारण खुशालकाकांनी त्याला पहिल्याच दिवशी समजावले होते. खुशालकाका एक्काहत्तर वर्षांचे. १९८५ च्या नाटकात त्यांनी राजपुत्राचे काम केले होते. गावचा पडदा रंगवणारा पाणी भरत नाही, असा मोहाखारीचा नेम आहे. मंडईच्या दिवशी दुपारी पडदा उभा करतात. पडदा देणारे जोडपे हळदकुंकू वाहते. मग पेंटर निळीची बादली घेऊन उभा राहतो आणि विचारतो, पानी कुठवर. देणाऱ्याने जागेचे नाव घेऊन सांगायचे. सांगितलेली जागा सोबतच्या बाया तीनदा म्हणतात. तिथपर्यंत पेंटर सर्वांसमोर पाणी भरतो. मग नारळ फुटतो. त्यानंतर त्या पडद्याला कोणी रंग लावायचा नाही, डागडुजीलाही नाही.

१९८५ मध्ये देणाऱ्याने काय सांगितले होते, असे भूपेंद्रने धान भरला त्या संध्याकाळी विचारले.

“सांगाचं काय त्यात? एकच जागा हाय. मातामायच्या पायरीवर,” खुशालकाका म्हणाले. मग त्यांनी फरशीवरच्या कापडाकडे पाहिले. ओट्याभोवतीची पेवडी अजून ओली होती. जाताना भूपेंद्रच्या पाठीवर हात ठेवून गेले.

हा नेम त्यांनी वासुदेवरावांनाही सांगितला होता. वासुदेवरावांनी तो अर्धवट ऐकला, पण मोडीत काढला नाही. पूजा तर करावीच लागते, करू म्हणाले. १९८५ च्या मंडईला ते गावात नव्हते. त्या वर्षी त्यांना रजा मिळाली नव्हती. त्यानंतर नवा पडदा झालाच नाही, म्हणून हा विधी त्यांनी कधी पाहिला नव्हता. नारळ, हळदकुंकू, टाळ्या आणि फोटो, एवढेच त्यांच्या डोळ्यांसमोर होते. मंडईच्या पत्रिकेवर ‘पडदापूजन: श्री. व सौ. कापगते’ असे छापून आले.

पत्रिका वाटली गेली त्या दिवशी धुरपताबाई समाजमंदिराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. त्यांच्या शेतात त्या आठवड्यात पाण्याची पाळी होती आणि पाटाला पाणी आले नव्हते. त्या बराच वेळ पडदा बघत राहिल्या.

“मस्त धान पिकवला गा तू त्याचा,” त्या म्हणाल्या. “असा तर त्याच्याही वावरात नाही.”

“काकी, जे दिसते तेच काढलं.”

“दिसते तेच? मले तर इथं तलाव दिसत होता, माह्या लगनाच्या सालापासून.” त्या वळल्या आणि पुन्हा थांबल्या. “धनीरामभाऊ असते तं पुसलं असतं त्यायले, तलाव कुठवर होता म्हणून.”

भूपेंद्र ब्रश धूत होता. तो धूतच राहिला. नेमाबद्दल त्याने त्यांना काही सांगितले नाही. सांगून फायदा नव्हता. विधीत विचारायचे त्याने होते आणि सांगायचे वासुदेवरावांनी. उत्तर काय येईल हे त्याच्या हातात नव्हते.

मंडई भाऊबीजेनंतर आठ दिवसांनी भरली. शाळेच्या मैदानात सकाळपासून दुकाने लागली होती. बांगड्या, जिलेबी, प्लॅस्टिकची खेळणी, एक आकाशपाळणा. दुपारी दंडार या लोकनाट्याचा खेळ झाला. चार वाजता रंगमंचावर बांबूला पडदा चढवला गेला आणि सोडला गेला.

लोक पुढे सरकले. पडदा ओळखीचा होता. सहा चिंचा, तिरपा खांब, मातामायचा ओटा आणि त्याच्या तीन पायऱ्या. ओट्याभोवती पिवळा धान, धानाखाली बांध, बांधाखाली पांढरे कोरे कापड. कोऱ्या भागाकडे बघून लहान पोरे विचारत होती की पेंटरचा रंग संपला का. म्हाताऱ्या माणसांनी त्यांना गप्प केले.

वासुदेवराव पांढऱ्या सदऱ्यात होते. शेजारी त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई हातात पूजेचे ताट घेऊन. त्यांच्यामागे पाच सवाष्णी. हळदकुंकू झाले. भूपेंद्र निळीची बादली आणि पाच बोटे रुंदीचा ब्रश घेऊन पडद्याशी उभा राहिला. खुशालकाकांनी मान हलवली.

“पानी कुठवर?” भूपेंद्रने विचारले.

माइक वासुदेवरावांच्या हातात होता. त्यांनी पडद्याकडे बोट केले. हे जे पांढरे दिसते आहे तेवढे भर, असे ते म्हणाले.

भूपेंद्र हलला नाही. खुशालकाका एक पाऊल पुढे आले.

“तसं नाही चालत, वासुदेवराव. जागेचं नाव घ्या लागते.”

“घेतलं नं. पांढरं तेवढं.”

“पांढरं हे काही जागा नाही. पांढरं तं कापड हाय.”

मागे कोणीतरी हसले. वासुदेवरावांनी पडद्याकडे नीट पाहिले. कोरा भाग जिथे संपत होता तिथे त्यांचा बांध होता. त्या बांधाला नाव नव्हते. तो ओसरणाऱ्या पाण्यामागे दरवर्षी पुढे सरकलेला बांध होता, त्याला नाव पडायला वेळच मिळाला नव्हता. त्या ओळीवर दुसरे काही नव्हते. झाड नाही, दगड नाही, देव नाही. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला.

“माह्या,” ते म्हणाले आणि थांबले.

मैदानात सातआठशे माणसे होती. ‘माह्या बांधापर्यंत’ असे म्हणायला त्यांना कोणी अडवले नसते. त्यांच्या चेहऱ्यावरून ते म्हणतील असेच पहिल्या रांगेतल्यांना वाटले. पण तलावाचे पाणी माझ्या बांधापर्यंत, हे वाक्य माइकवर, मातामायच्या चित्रासमोर, पाच सवाष्णींनी तीनदा म्हणायचे होते. आकाशपाळण्याची मोटर तेवढी चालू होती.

“मातामायच्या पायरीवर,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

त्यांनी ते मोठ्याने म्हटले नव्हते. माइक जवळ होता, म्हणून सर्वांना ऐकू गेले. १९८५ मध्ये त्या मोहाखारीत नव्याने आलेली सून होत्या. नवरा नोकरीवर, म्हणून सासूसोबत मंडईला आल्या होत्या, आणि त्या वर्षी तीनदा म्हणणाऱ्या पाच बायांमध्ये त्यांनाही उभे केले होते. त्यांच्या मागच्या पाच जणींनी विचार करायला वेळ घेतला नाही. त्यांनी तीनदा म्हटले. तिसऱ्या वेळी मैदानातल्या बऱ्याच बायांनी त्यांच्यासोबत म्हटले.

वासुदेवरावांनी बायकोकडे पाहिले. त्या ताटातला विझायला आलेला दिवा हाताने झाकत होत्या.

भूपेंद्रने ब्रश बुडवला. त्याने पाळीकडून सुरुवात केली. पांढऱ्या कापडावर नीळ सरळ बसत गेली, चांगली गडद. दहाएक मिनिटांत तो बांधापर्यंत आला. तिथे त्याने ब्रश निथळून घेतला, पुन्हा भरला आणि बांधावरून वर नेला. पेवडी आणि नीळ एकत्र आली की निळे होत नाही, हिरवे होते. शाळेतल्या पोरांनाही ते माहीत आहे. बांधापासून पायरीपर्यंत प्रत्येक फटकाऱ्यासरशी पिवळा धान गेला आणि हिरवे पाणी आले. खालचा तलाव निळा, वरचा हिरवा, आणि मधून त्या बांधाची रेघ, जिथे दोन रंग भेटत होते. ब्रश खालच्या पायरीला टेकला तेव्हा तो थांबला. सगळे मिळून पंचवीस मिनिटे लागली होती.

“बुडला गा वासुदेवरावचा धान,” मागून कोणीतरी म्हणाले. हशा झाला, पण फार नाही. पुढच्या रांगेतले लोक हसत नव्हते, ते बघत होते. एकाने दुसऱ्याला विचारले की हिरवे किती एकर होईल. चार, असे तो म्हणाला. साडेचार, तिसरा म्हणाला. ज्या गोष्टीबद्दल तीन ग्रामसभांत कोणी तोंड उघडले नव्हते, तिच्या आकड्यावर आता मैदानात वाद सुरू झाला.

वासुदेवरावांनी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला. पाणी त्यांनी पडद्याच्या पायाशी सोडले, प्रसाद वाटला आणि फोटोसाठी उभेही राहिले. त्या फोटोत त्यांच्या मागे हिरवा भागच आला आहे.

रात्रीचे नाटक ठरल्याप्रमाणे झाले. नांदी गावच्या पडद्यासमोर झाली. नांदीच्या वेळी पडद्यावर नेहमीपेक्षा जास्त टॉर्च मारले गेले, एवढीच तक्रार मंडळाकडे आली.

चौथ्या दिवशी वासुदेवराव लाखांदूरला दुकानात आले. त्यांनी आवाज चढवला नाही. रंग बिघडला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तलाव दोन रंगांचा कुठे असतो? त्यावर पांढरा मारून सगळे एकसारखे निळे करावे, वाटल्यास नवीन कापड घ्यावे.

पूजलेल्या पडद्याला हात लावत नाहीत, हे भूपेंद्रने त्यांना सांगितले.

“तुले माहीत होतं,” वासुदेवराव म्हणाले.

“तुमाले सांगतलं होतं मी, वावरात उभं राहून. पेवडीवर नीळ बसत नाही म्हणून.”

त्यांना ते आठवले असावे. काउंटरवर ठेवलेली एक नंबरप्लेट त्यांनी उचलून पाहिली, परत ठेवली. उठताना त्यांनी सवयीने कोपऱ्यातल्या नावाबद्दल विचारले. दात्याचे नाव लिहिले आहे ना, नीट दिसते ना. नीट दिसते, असे भूपेंद्रने सांगितले.

सत्यभामाबाईंना त्या दिवसांत बऱ्याच जणींनी विचारले. त्यांचे उत्तर सर्वांना एकच होते: “विचारलं, सांगतलं.”

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. विषयपत्रिकेवर धुरपताबाईंचा विषय नेहमीप्रमाणे शेवटी होता. या वेळी लोक त्याआधी उठून गेले नाहीत. धुरपताबाईंनी ठराव वाचला. तलावाची शासकीय मोजणी करून हद्द कायम करावी आणि सलंग पूर्वीच्या उंचीला आणावी. वासुदेवराव बोलायला उठले. गावाला नाटकाची हौस आहे हे चांगलेच, पण पडदा म्हणजे सातबारा नव्हे, असे ते म्हणाले.

“मंग सातबारा घेऊन या,” धुरपताबाई म्हणाल्या. “मोजणी त्याच्याचसाठी तं मागून राहिली मी.”

ग्रामसेवकाने विचारले, अनुमोदक कोण.

काही क्षण कोणी उठले नाही. कापणी निम्मी व्हायची होती आणि यंत्र कोणाचे आहे हे कोणी विसरले नव्हते. मग खुशालकाका गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांचे उभे राहणे पूर्ण होण्याआधी दुसरा एक जण उठला. पाटाच्या शेवटच्या अकरा शेतांपैकी एकाचा मालक. मग आणखी. ग्रामसेवक म्हणाला की रकान्यात एकच नाव मावते. खुशालकाकांचे लिहा, असे ठरले. बाकीच्यांनी उभ्याउभ्याच हजेरीपुस्तकात पुन्हा सह्या केल्या, ज्याची गरज नव्हती.

त्या वर्षी सात जणांनी विळ्याने धान कापला. यंत्राचा नंबर लागला नाही, की त्यांनीच मागितला नाही, याबद्दल गावात दोन मते आहेत. धुरपताबाईंच्या दीड एकरात तिसऱ्या वर्षीही पोचटच जास्त निघाले.

मोजणी फेब्रुवारीत झाली. मोजणीदार यंत्र घेऊन आला. त्याला कोणीतरी पडदा दाखवायला समाजमंदिरात नेले. त्याने तो बघितला, फोटो काढला आणि हा पुरावा होत नाही हे सांगितले. त्याच्या नकाशावर अतिक्रमण एक हेक्टर पंच्याऐंशी आर निघाले, म्हणजे साडेचार एकरांच्या थोडे वर. हद्दीचा एक दगड मातामायच्या खालच्या पायरीपासून चार पावलांवर बसला. वासुदेवरावांनी अपील केले आहे आणि ते चालू आहे. सलंगीसाठी मात्र अपिलाची वाट बघायची गरज नव्हती. बाजूला रचलेले दगड मे महिन्यात गावानेच परत जागेवर बसवले. तीन दिवसांचे काम होते.

पुढच्या पावसाळ्यात तलाव सलंगीपर्यंत भरला. पाणी पायरीला टेकले नाही. वासुदेवरावांनी शेत उंच करायला बांधाच्या आत टाकलेली माती अजून तशीच होती. खुशालकाका आणि भूपेंद्र एका सकाळी बघायला गेले, तेव्हा पाणी पायरीच्या एकतीस पावले अलीकडे थांबलेले होते. भूपेंद्रने दोनदा मोजले.

ऑक्टोबरमध्ये पाटाच्या शेवटच्या अकरा शेतांना दोनदा पाणी आले. धुरपताबाईंनी धान कापून मळला आणि अंगणात वाळत घातला. खाली अंथरायला त्यांनी तिसरा फलक काढला, जो वर्षभर गुंडाळलेलाच पडून होता. छापलेली बाजू त्यांनी वर ठेवली. धान त्याच्यावर पसरल्यामुळे अक्षरे वाचता येत नव्हती.